मोजणीबाहेरचे माळरान

डिसेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘भारत वनस्थिती अहवाल २०२३’नुसार देशातील वनाच्छादन आणि वृक्षाच्छादन मिळून ८,२७,३५७ चौरस किलोमीटर, म्हणजे भौगोलिक क्षेत्राच्या २५.१७ टक्के भरते आणि आधीच्या अहवालाच्या तुलनेत त्यात १,४४५ चौरस किलोमीटरची वाढ झालेली दिसते. जैवविविधतेच्या रक्षणात देशाने काय साधले, असा प्रश्न निघाला की उत्तरादाखल बहुधा हाच आकडा पुढे केला जातो. आकडा खोटा नाही. परंतु तो ज्या व्याख्येवर उभा आहे ती पाहिली, तर जीवसृष्टीबद्दल तो फारच थोडे सांगतो हे ध्यानात येते, आणि त्याच्या मौनाचे परिणाम दख्खनची माळराने व कोकणातील सडे अनेक वर्षे भोगत आले आहेत.

उपग्रहाच्या छायाचित्रात एक हेक्टर किंवा त्याहून मोठ्या ज्या जमिनीवर वृक्षछत्र, म्हणजे झाडांच्या विस्ताराने झाकलेला भाग, किमान दहा टक्के आढळतो, ती जमीन या अहवालात ‘वन’ धरली जाते; तिची मालकी कोणाची, कायद्याने ती वन आहे की नाही आणि तिच्यावरील झाडे कोणत्या जातीची, हे पाहिले जात नाही. त्यामुळे आंब्याची बाग, रबराची लागवड, निलगिरीचे पट्टे आणि सह्याद्रीतील सदाहरित रान ही सारी एकाच बेरजेत येतात. धनेश पक्षी जुन्या, थोराड झाडांच्या नैसर्गिक ढोलीतच घरटे करतो आणि वीण चालू असताना मादी त्या ढोलीचे तोंड लिंपून आत बसून राहते. अशी ढोली तयार व्हायला झाडाचे वय लागते, आणि ते दहा-पंधरा वर्षांच्या लागवडीजवळ नसते. तरीही एकीकडे असे रान तुटले आणि दुसरीकडे तेवढ्याच क्षेत्रावर रबर वाढले, तर वनाच्छादनाच्या बेरजेत काहीच बिघडलेले दिसत नाही.

याहून मोठा अन्याय होतो तो झाडे विरळ असणे हाच ज्यांचा स्वभाव आहे अशा अधिवासांवर. दहा टक्क्यांहून कमी छत्र असलेली जमीन एक तर ‘झुडपी’ ठरते, नाही तर ‘वनेतर’. महसुली दप्तरात तिची नोंद पडीक किंवा पोटखराब अशी होते. पवन्या, मारवेल, कुसळी या गवतांचे माळ उन्हाळ्यात उघडेबोडके भासतात खरे, पण लांडगा, काळवीट, धाविक, तणमोर आणि चंडोल यांचे ते घर आहे, आणि मेंढपाळ धनगरांचे जगणेही त्यांच्यावर चालते. कोकणातील जांभ्याचा सडा पावसाळ्याचे चार महिने ज्या वनस्पतींनी फुलतो, त्यांपैकी काही जगात अन्यत्र कोठेही उगवत नाहीत. अशा जमिनी कागदावर ‘रिकाम्या’ ठरल्या की त्या वृक्षलागवडीला, औद्योगिक वसाहतींना किंवा सौरऊर्जेच्या प्रकल्पांना देणे सोपे जाते. गवताळ माळावर खड्डे खणून रोपे लावणे हा जैवविविधतेच्या दृष्टीने ऱ्हास आहे. सरकारी हिशेबात मात्र ती प्रगती म्हणून जमा होते. सोलापूरजवळच्या नान्नज परिसरात १९७९ मध्ये स्थापन झालेले माळढोक अभयारण्य प्रथम सुमारे ८,४९६ चौरस किलोमीटरचे होते, ते पुढे सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणले गेले. आज देशभरात रानात उरलेल्या माळढोकांची संख्या दीडशेच्या आत आहे आणि त्यांतील बहुतेक राजस्थानात आहेत.

मोजणी सुधारली की धोरण सुधारते, याचा अनुभव याच देशाने घेतलेला आहे. पाऊलखुणांवरून होणारी वाघांची गणना सरिस्का प्रकल्पात वाघ असल्याचे सांगत राहिली आणि २००५ च्या सुमारास तेथे एकही वाघ उरलेला नसल्याचे उघड झाले. त्यानंतर स्वयंचलित कॅमेऱ्यांनी टिपलेल्या पट्ट्यांवरून प्रत्येक वाघ स्वतंत्रपणे ओळखण्याची आणि संख्याशास्त्रीय अंदाज बांधण्याची पद्धत स्वीकारली गेली. तिच्या पहिल्या फेरीत, २००६ मध्ये, १,४११ हा मन खट्टू करणारा आकडा आला. तो दडवला गेला नाही, त्यावर उपाय झाले, आणि २०२२ च्या गणनेत सरासरी अंदाज ३,६८२ पर्यंत पोहोचला. वाघाच्या वाट्याला आलेला हा प्रामाणिकपणा इतर जीवांच्या वाट्याला येत नाही, हे खेदाने नमूद करावे लागते.

संरक्षित क्षेत्राची गोष्ट वेगळी नाही. २०१८ च्या अखेरीस संयुक्त राष्ट्रांच्या जैवविविधता कराराकडे सादर केलेल्या सहाव्या राष्ट्रीय अहवालात भूभागाचा वीस टक्क्यांहून अधिक हिस्सा संवर्धनाखाली असल्याचा दावा होता. राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्ये मिळून तो पाच टक्क्यांच्या आसपासच भरतो. जैविक विविधता कायदा, २००२ खाली गावोगावी तयार व्हावयाच्या लोक जैवविविधता नोंदवह्यांचेही तेच झाले. माधव गाडगीळ यांच्या कल्पनेतील नोंदवही गावकऱ्यांच्या तोंडच्या ज्ञानातून सावकाश आकार घेणारी होती. राष्ट्रीय हरित लवादाने जानेवारी २०२० ची मुदत घालून दिरंगाई करणाऱ्या राज्यांवर दरमहा दहा लाख रुपयांचा भार ठेवला, आणि बघता बघता नोंदवह्यांची संख्या दोन लाखांपलीकडे गेली. पण त्यांतील किती नोंदी गावाने पाहिल्या, हे सांगणारा रकानाच अहवालात नाही.

साधने हाताशी आहेत. संयुक्त राष्ट्रांच्या सांख्यिकी आयोगाने मार्च २०२१ मध्ये मान्य केलेल्या परिसंस्था लेखापद्धतीत प्रत्येक परिसंस्थेचे क्षेत्र, तिची प्रकृती आणि तिच्यापासून मिळणाऱ्या सेवा यांची खाती वेगवेगळी ठेवली जातात, आणि केंद्रीय सांख्यिकी मंत्रालयाने त्या दिशेने कामही सुरू केले आहे. ‘भारतीय पक्ष्यांची स्थिती २०२३’ या अहवालाने सुमारे तीस हजार पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींतून ९४२ जातींचा आढावा घेतला. दीर्घकालीन कल ठरवता आलेल्या ३३८ जातींपैकी साठ टक्के जाती घटल्याचे त्यातून दिसले, आणि माळरानांवर अवलंबून असणाऱ्या पक्ष्यांची घसरण विशेष तीव्र आढळली. हा पुरावा शासनाच्या अधिकृत निर्देशकांत बसला पाहिजे.

जैवविविधता कराराखाली मॉन्ट्रियल येथे डिसेंबर २०२२ मध्ये ठरलेली २३ लक्ष्ये २०३० पर्यंत गाठावयाची आहेत. त्यासाठी सांख्यिकी मंत्रालयाने माळरान, सडा, पाणथळ आणि खाजण यांची खाती वनाच्छादनापासून वेगळी काढावीत आणि ज्या नकाशांवरून बेरीज होते ते नकाशे अभ्यासकांना खुले करावेत. महाराष्ट्राच्या वन विभागाला तर त्यासाठी दिल्लीची वाट पाहण्याचेही कारण नाही; येत्या पावसाळ्यातील लागवडीच्या जागा निश्चित करण्याआधी प्रत्येक जिल्ह्यातील गवताळ माळांची यादी करून ती लागवडीच्या उद्दिष्टातून वगळणे त्याच्या अधिकारात आहे.