विश्लेषण : अंध सायकलस्वार खारदुंगला गाठतो, मग रविवारी घराजवळ सायकल का चालवू शकत नाही?

मनालीहून निघायचं, रोहतांग ओलांडायचा, पुढे बारालाचा ला, लाचुंग ला, तांगलांग ला अशा एकाहून एक उंच खिंडी चढत लेह गाठायचं आणि शेवटी खारदुंगलाच्या पाटीखाली सायकल उभी करून फोटो काढायचा. ५०० किलोमीटरहून मोठा हा रस्ता म्हणजे सायकलवाल्यांची वारीच. पुण्याच्या दिव्यांशु गणात्रा यांनी २०१६ मध्ये ही वारी टँडम सायकलवरून पूर्ण केली. टँडम म्हणजे दोघांनी मिळून चालवायची सायकल. गणात्रा मागच्या सीटवर होते आणि त्यांना दिसत नाही.

काचबिंदूमुळे वयाच्या १९व्या वर्षी त्यांची दृष्टी गेली. पुढे ते मानसशास्त्रज्ञ झाले, पॅराग्लायडिंग शिकले आणि एकट्याने उडणारे देशातले पहिले अंध पॅराग्लायडर म्हणून ओळखले जाऊ लागले. २०१४ मध्ये त्यांनी ‘ॲडव्हेंचर्स बियाँड बॅरियर्स फाउंडेशन’ ही संस्था सुरू केली. अपंग आणि धडधाकट माणसांनी एकत्र साहसी खेळ खेळावेत, हा संस्थेचा मूळ विचार. याच रस्त्यावर संस्थेने पुढे अशा जोड्यांच्या टँडम मोहिमाही नेल्या.

अशा राइडच्या बातमीचा साचा आता ठरून गेला आहे. पाहुण्यांनी दाखवलेला हिरवा झेंडा, एकसारखे टी-शर्ट, ‘अंधत्वावर मात’ हे शीर्षक आणि शेवटी जमलेल्या निधीचा आकडा. मराठी माध्यमंही याला अपवाद नाहीत. या साच्यात दोन गोष्टी मात्र राहून जातात. एक, मागच्या सीटवरचा माणूस तिथे नेमकं काय करतो? आणि दोन, राइड संपल्यावर त्याच्या हाती काय उरतं?

मागचा सायकलस्वार ‘बसून’ जातो का?

नाही. टँडमची रचना पाहिली की हे लगेच कळतं. पुढच्याला पायलट किंवा कॅप्टन म्हणतात. हँडल, ब्रेक आणि गिअर त्याच्या हातात. मागच्याला स्टोकर म्हणतात. वाफेच्या इंजिनात भट्टीत कोळसा टाकणारा तो स्टोकर. नाव तिथूनच आलं. दोघांना स्वतंत्र पेडल असतात आणि एक जादा चेन, बहुतेक सायकलींत डाव्या बाजूला, दोन्ही क्रँक एकमेकांना जोडते. म्हणजे दोघांचे पाय एकाच गतीने फिरतात. पायलटने पाय थांबवले तर स्टोकरचेही थांबतात आणि स्टोकरने आळस केला तर पुढच्याला तो पहिल्याच चढाला मांड्यांत जाणवतो.

त्यामुळे टँडमवर सतत बोलावं लागतं. ‘थांबतोय’, ‘गिअर हलका करतोय’, ‘खड्डा’, ‘डावं वळण’, ‘आता जोर’. डोळस स्टोकरलाही हे लागतंच, कारण त्याच्यासमोर रस्त्याऐवजी पायलटची पाठ असते. थोडक्यात, टँडमच्या मागच्या सीटवर दिसणं जवळपास बिनकामाचं आहे. अंध आणि डोळस माणूस तिथे जितका बरोबरीचा असतो तितका फार कमी ठिकाणी असतो. ‘न बघता सायकल कशी चालवली?’ हा प्रश्न म्हणूनच फसतो. पायांची ताकद, दम, तोल आणि पुढच्यावरचा विश्वास हे विचारण्यासारखे विषय आहेत.

यातल्या तोलाकडे तर कुणाचंच लक्ष जात नाही. मागच्याने वळणावर उलट्या बाजूला अंग टाकलं किंवा अचानक सीटवर सरकला, तर पुढच्याच्या हातात हँडल झटका मारतं. चांगला स्टोकर वळणाची सूचना ऐकून किंवा सायकल झुकताना जाणवून अंग सैल सोडतो. हे सरावाने येतं आणि सरावाला महिने लागतात.

स्पर्धेच्या जगात हे केव्हाच मान्य झालंय. पॅरालिम्पिकमध्ये दृष्टिबाधित सायकलपटूंच्या शर्यती टँडमवरच होतात आणि पदक दोघांच्याही गळ्यात पडतं. ब्रिटनच्या नील फॅची यांनी टोकियो पॅरालिम्पिकमध्ये ट्रॅकवरचं एक किलोमीटर अंतर पायलटसोबत एका मिनिटाच्या आत कापलं, तेही उभ्या सायकलने सुरुवात करून. सरासरी वेग ताशी ६० किलोमीटरहून जास्त. तिथे कुणी ‘बिचारा’ म्हणत नाही.

मग हिमालयात अवघड काय असतं?

सपाटीवर टँडम साध्या सायकलपेक्षा वेगवान पळते. ताकद दोघांची, पण वाऱ्याला तोंड एकाचंच. चढावर हिशेब उलटतो. एवढ्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. दोघांपैकी एकाला विरळ हवेचा त्रास झाला, तर दुसरा कितीही ठणठणीत असला तरी सायकल थांबते. आणि गणात्रा गेले तेव्हा रोहतांगखालचा अटल बोगदा व्हायचा होता. तो खुला झाला २०२० मध्ये.

(खारदुंगलाच्या पाटीवर वर्षानुवर्षं १८,३८० फूट लिहिलेलं होतं. नंतरच्या मोजणीत उंची ५,३५९ मीटर, म्हणजे सुमारे १७,५८० फूट भरली. फोटो अजूनही पाटीबरोबरच काढले जातात.)

खरा धोका मात्र उतारात असतो. दोन माणसं, सायकल आणि सामान मिळून १७० किलो धरू. खारदुंगलाहून लेहपर्यंत सुमारे १,८५० मीटर खाली यायचं. गणित केलं तर जवळपास ३१ लाख ज्यूल ऊर्जा होते. खोलीच्या तापमानाचं दहाएक लिटर पाणी उकळायला लागते तेवढी. तिचा काही भाग वाऱ्यात जातो, पण वळणावळणाच्या खडबडीत रस्त्यावर वेग कमीच ठेवावा लागतो आणि उरलेली सगळी उष्णता ब्रेकमध्ये जमा होते. साध्या सायकलचे ब्रेक आणि चाकं यासाठी बनवलेली नसतात. टँडमला जास्त आऱ्यांची मजबूत चाकं आणि मोठ्या क्षमतेचे ब्रेक लागतात ते म्हणूनच.

हा सगळा उतार स्टोकर हातात ब्रेक नसताना पार करतो. ‘विश्वास’ हा शब्द भाषणात फार गुळगुळीत झालाय. इथे त्याचा अर्थ एवढाच, की खाली दरी आहे आणि ब्रेक दुसऱ्याच्या हातात आहे.

निधी जमतो, तो कोणासाठी?

चॅरिटी राइडची पद्धत सोपी आहे. लंडन ते पॅरिससारख्या राइडमध्ये सायकलस्वार आपल्या ओळखीच्यांकडून, ऑफिसमधून, ऑनलाइन देणग्या गोळा करतो आणि त्या ठरलेल्या संस्थेला जातात. मुंबई मॅरेथॉनमुळे आपल्याकडेही हे रुळलं आहे. धावणारे अनेक जण एखाद्या संस्थेसाठी पैसे उभे करतात. अंध सायकलस्वार सामील झाले की आवाहनाला जोर येतो. यात गैर काहीच नाही. उलट, एरवी फक्त ‘घेणारा’ म्हणून उभा केला जाणारा माणूस इथे दुसऱ्यांसाठी पैसे उभे करतो, ही या राइडमधली सर्वांत चांगली गोष्ट आहे.

गल्लत पुढे होते. निधी अनेकदा डोळ्यांच्या शस्त्रक्रियांसाठी जातो. भारतात अंधत्वाचं सर्वांत मोठं कारण मोतीबिंदू आहे आणि तो शस्त्रक्रियेने बरा होतो, त्यामुळे तिथे दिलेला रुपया सत्कारणीच लागतो. पण काचबिंदूने गेलेली दृष्टी परत येत नाही, कारण त्यात डोळ्याची नसच खराब झालेली असते. टँडमच्या मागच्या सीटवरच्या अनेकांची दृष्टी अशीच कायमची गेलेली असते. त्यांच्या नावाने जमलेल्या पैशातून इतरांचं अंधत्व टळतं, पण अंध म्हणून त्यांचं जे आयुष्य चालू आहे, त्यात काहीच बदलत नाही. देणगीदाराला हा फरक कुणी सांगत नाही आणि पोस्टर पाहून त्याचा समज होतो की आपण याच माणसाला मदत केली.

घोडं अडतं कुठे?

सायकल आणि पायलट या दोनच गोष्टींवर.

टँडम आपल्याकडे दिसते ती बहुतेक फिरायच्या ठिकाणी, भाड्याने. लांब पल्ल्याची दणकट टँडम महाग असते. ती लिफ्टमध्ये मावत नाही, फ्लॅटच्या पार्किंगमध्ये जागा खाते आणि नेहमीच्या मेकॅनिककडे तिची लांबलचक चेन किंवा ब्रेक केबल मिळत नाही. मोठ्या राइडसाठी आणलेली सायकल राइड संपली की आयोजकाकडे परत जाते. स्टोकर घरी परततो तो पदक आणि टी-शर्ट घेऊन.

आणि सायकल मिळाली तरी रविवारी सकाळी सहा वाजता खाली येणारा पायलट कुठून आणायचा? मनाली–लेहसाठी सुट्टी काढणारे पायलट मिळतात. सिंहगड रस्त्यावर तीस किलोमीटर जाऊन पोहे खाऊन परत यायला मिळत नाहीत. यात कुणाला खलनायक ठरवायची गरज नाही. हिमालयाची राइड एकदाच करायची असते आणि तिचा फोटो निघतो; रविवारची राइड दर आठवड्याला असते.

२०११च्या जनगणनेत देशात दृष्टिबाधितांची संख्या ५० लाखांहून अधिक होती. त्यातले सगळे सायकल चालवायला उतावीळ आहेत असं नाही. पण ज्यांना चालवायची आहे त्यांनी व्यायामासाठी कुठे जायचं? फुटपाथवर चालणं डोळसांनाही जड जातं. जिममधल्या नव्या ट्रेडमिलवर टचस्क्रीन असतो. त्यामुळे टँडम हा अनेकांसाठी घाम काढणारा, वेगाचा अनुभव देणारा मोजका मार्ग ठरू शकतो.

कायद्यात याची तरतूद आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ याचं कलम ३० खेळांबद्दलच आहे. दिव्यांगांना क्रीडा उपक्रमांत सहभागी होता यावं म्हणून सुविधा उभ्या करणं आणि त्यासाठी निधी देणं ही सरकारची जबाबदारी त्यात लिहिली आहे. कंपन्यांच्या सीएसआरच्या यादीत पॅरालिम्पिक खेळांचं प्रशिक्षणही नावानिशी आहे. मात्र रविवारच्या राइडमध्ये पदक नसतं आणि बॅनर लावायला जागाही नसते, त्यामुळे ती या दोन्हींच्या मधल्या फटीत पडते.

जोखमीचं काय?

हा आक्षेप खरा आहे आणि तो झटकून टाकता येत नाही. आपल्या रस्त्यांवर एकट्या सायकलस्वाराचीच सुरक्षितता बेभरवशाची, तिथे टँडमला वळायला जास्त जागा लागते. नवख्या पायलटच्या मागे अंध माणसाला बसवणं हा बेजबाबदारपणाच. पण याचं उत्तर राइड बंद करणं नसून पायलट तयार करणं आहे. त्याला हिमालय लागत नाही. एक मोकळं मैदान, एक अनुभवी जोडी आणि चार-पाच रविवार लागतात.

आणखी एक आक्षेप व्यवहारी आहे. खारदुंगलाच्या नावाने पैसे जमतात, कॅम्पातल्या फेरीच्या नावाने नाही. हेही खरंच. मग मोठी राइड जरूर करावी, मात्र जमलेल्या निधीतला काही वाटा टँडम विकत घेण्यासाठी बाजूला काढावा, ती सायकल राइडनंतर शहरातल्या एखाद्या अंधशाळेत किंवा सायकल क्लबमध्ये ठेवावी आणि हे पोस्टरवर छापावं. पुण्यात अंधशाळा आहेत आणि सायकल ग्रुपही भरपूर आहेत. त्यांची एकमेकांशी गाठ घालून द्यायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. निधी कुठे जावा हे ठरवणाऱ्या बैठकीत एखादा स्टोकरही असावा. राइडच्या टी-शर्टचा रंग ठरवणाऱ्या बैठकीत नसला तरी चालेल.

व्हॉट्सॲपवर अशा राइडची देणगीची लिंक आली, तर पैसे जरूर द्यावेत. सोबत आयोजकांना एक मेसेज टाकावा : राइड संपल्यावर ही टँडम कुठे असणार, आणि तिच्यासाठी पायलट म्हणून नाव नोंदवायचं कुठे?