युनियनचं दार उघडं आहे का?

परवा संध्याकाळी भिलाईच्या सिविक सेंटरमध्ये चहा घेताना रेल मिलमधून निवृत्त झालेले एक काका भेटले. मुलगा दुबईत फिटर आहे. पगार वेळेवर होतो का, असं विचारलं. ‘होतो. पण नाही झाला तर त्यानं जायचं कुणाकडे? तिथे युनियनच नाही,’ काका म्हणाले.

अरब देशांत लोकशाही रुजेल का, या प्रश्नाची गाठ मला काकांच्या या उत्तरातच दिसते.

17 डिसेंबर 2010 ला ट्युनिशियातल्या सिदी बूझीदमध्ये मोहम्मद बुअझीझी या फेरीवाल्यानं स्वतःला पेटवून घेतलं. महिनाभरात तिथले राष्ट्राध्यक्ष बेन अली देश सोडून पळाले. पुढे इजिप्त, लिबिया, येमेन इथलेही सत्ताधीश गेले. पण इजिप्तमध्ये पुन्हा लष्कर आलं, लिबिया आणि येमेन यादवीत सापडले. सर्वसंमतीची राज्यघटना 2014 मध्ये झाली ती ट्युनिशियात, कारण भांडणाऱ्या पक्षांना एका टेबलाशी बसवायची ताकद तिथल्या कामगार महासंघात होती. त्याच्यासह चार संघटनांना त्यासाठी 2015 चं शांततेचं नोबेल मिळालं.

या महासंघाचे संस्थापक फरहात हशाद यांची 5 डिसेंबर 1952 ला हत्या झाली. संघटना मात्र टिकली. भिलाईत हे वाचताना इथले कामगार नेते शंकर गुहा नियोगी आठवल्याशिवाय राहत नाहीत. 28 सप्टेंबर 1991 च्या पहाटे, हुडको वसाहतीतल्या घरात झोपेतच त्यांना गोळी घातली गेली. पुढच्या वर्षी 1 जुलैला पॉवर हाऊस स्टेशनात रुळांवर बसलेल्या कामगारांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. हे लोकशाहीतच घडलं, आणि न्याय पुरा मिळाला असं मी म्हणणार नाही. तरी त्या कामगारांच्या युनियनचा लाल-हिरवा झेंडा कुणाला कायद्यानं खाली उतरवता आला नाही.

त्या ट्युनिशियातही पुढे राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी 25 जुलै 2021 ला संसद गोठवली, मग स्वतःच्या सोयीची घटना आणली. ऑक्टोबर 2024 मध्ये ते नव्वद टक्के मतांनी पुन्हा निवडून आले. मतदानाला मात्र शंभरातले तीसही लोक फिरकले नाहीत.

8 डिसेंबर 2024 ला असद यांची सत्ता गेल्यापासून सगळे सिरियाकडे डोळे लावून बसले आहेत. मतपेटीचे फोटो येतील तेव्हा एवढं जरूर बघा: तिथल्या कामगाराला सरकारच्या परवानगीशिवाय स्वतःची युनियन काढता येते का? येत नसेल, तर त्या मतदानाला मी लोकशाही म्हणणार नाही.