घाट उजळले, नदीचे काय?

कुरवंड्याच्या डोंगरात उगम पावणारी इंद्रायणी आंदर मावळात टाकवे बुद्रुकजवळून वाहत देहू-आळंदीला पोहोचते, तोवर तिचे रूप पालटलेले असते. मावळातील भातखाचरांना जीवन देणारी ही नदी आळंदीच्या घाटाशी अनेकदा पांढऱ्या फेसाखाली दडलेली दिसते. १२९६ साली ज्ञानेश्वर माउलींनी जिच्या तीरी संजीवन समाधी घेतली, तिच्या घाटाच्या पायऱ्या कितीही उजळल्या. पण वारकऱ्याला तेथे निर्मळ स्नान घडणार नसेल, तर त्या जीर्णोद्धाराला अर्थ काय?

आपल्या पूर्वजांनी नदी आणि वास्तू यांचा विचार कधी वेगळा केला नाही. कृष्णाकाठचे वाई हे त्याचे बोलके उदाहरण. गणपतराव रास्ते यांनी १७६२ साली बांधलेल्या ढोल्या गणपतीच्या मंदिराची मागची भिंत मत्स्याकार आहे. पुराचे पाणी तिच्यावर आदळून दुभंगते आणि वास्तू सुरक्षित राहते. पुराशी वैर न धरता त्याला वाट करून देण्याचे हे शहाणपण होते. वाईचे घाट त्या-त्या आळीचे आहेत. कृष्णाबाईचा उत्सव एकेका घाटावर आळीपाळीने होतो. देवीच्या पालखीबरोबर घाटाची जबाबदारीही आळीच्या खांद्यावर येते.

आजच्या सुशोभीकरणात नेमका हाच धागा तुटतो. काळ्या पाषाणाच्या सांध्यांत चुन्याऐवजी सिमेंट भरले जाते. चुना ओलावा बाहेर सोडतो, सिमेंट तो आत कोंडते, आणि शतके टिकलेला दगड झिजू लागतो. वर रोषणाई झगमगते आणि खाली नाल्यांचे पाणी नदीत मिसळत राहते.

म्हणून क्रम बदलला पाहिजे. आधी सांडपाण्यावर प्रक्रिया, मग घाटांची शास्त्रशुद्ध डागडुजी आणि सर्वांत शेवटी रोषणाई. शासनाला याचा जाब विचारावाच. परंतु नदीला माता म्हणून तिची आरती करणारा आणि त्याच हातांनी निर्माल्याची प्लास्टिक पिशवी तिच्यात सोडणारा समाज आपलाच आहे, हेही विसरता कामा नये. टाकव्यापासून आळंदीपर्यंत प्रत्येक गावाने, प्रत्येक मंडळाने आपापल्या काठाचे पालकत्व स्वीकारावे. कार्यकर्त्यांनी त्यात पुढाकार घ्यावा. वारसा केवळ अभिमानाने टिकत नाही. त्यासाठी नित्याची सेवा घडावी लागते.