कळ आणि काच

कला शाखेतल्या मुलीने मोटारीविषयी काय लिहावे, असा प्रश्न काही वाचकांना पडेल. वार्षिकाची पाने चाळताना कविता, प्रवासवर्णन, एखादी कथा यांची अपेक्षा असते. परंतु ज्या घराची चूल मोटारीच्या चाकावर चालते, त्या घरातल्या मुलीला मोटारीविषयी बोलण्याचा थोडा तरी अधिकार असावा. माझे वडील, आम्ही त्यांना नाना म्हणतो, गेली अनेक वर्षे गंगापूर रोडवरच्या एका शेठजींच्या गाडीवर ड्रायव्हर आहेत. १९८६ साली ते फियाटवर हात बसवायला शिकले. ज्यांनी ती प्रीमियर पद्मिनी पाहिली आहे त्यांना आठवेल, तिचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्यालाच असे, आणि थंडीच्या सकाळी चोक ओढल्याशिवाय ती हलत नसे. नाना सांगतात, “आठ दिवसांत हाताला सगळं पाठ झालं. मग डोळ्यांना एकच काम उरलं, रस्ता बघायचं.”

दोन वर्षांपूर्वी शेठजींनी नवी परदेशी बनावटीची सेदान घेतली. आलिशान गाडी. आत बसले की बाहेरच्या जगाचा आवाज येत नाही. समोरच्या फळीवर मात्र बटण म्हणून काही नाही. एक मोठी काळी काच आहे आणि गाणी, नकाशा, फोन, थंड हवा, गरम हवा असा गाडीचा सारा संसार त्या काचेत आहे. शेजाऱ्यांची मुले ती काच पाहायला आली तेव्हा नानांनाही अभिमान वाटला होता. मलाही वाटला होता, हे कबूल करते.

२०२४ च्या पावसाळ्यातली गोष्ट. शेठजींना मुंबईच्या विमानतळावर सोडून नाना परत येत होते. मी कल्याणला आत्याकडे होते. शेठजींनीच “येताना पोरीला घेऊन या” असे सांगितल्यामुळे मी त्या गाडीत बसले. कसारा घाट लागला तेव्हा पाऊस आणि धुके दोन्ही होते. अचानक समोरची काच आतून धूसर झाली. फियाट असती तर नानांचा हात आपोआप फडक्याकडे गेला असता, आणि नंतरच्या गाड्यांत काचेवर वारा सोडणाऱ्या नॉबकडे. येथे मात्र पडद्यावर नकाशा होता. तो बाजूला सारायचा, मग हवेचे पान उघडायचे, मग त्यातली काचेची बारीक खूण शोधायची. अक्षरे सगळी इंग्रजी. नानांनी एका हाताने काच पुसली होती, बोट ओले होते. काचेने ते बोट ओळखलेच नाही. त्यांनी दुसऱ्यांदा दाबले, तिसऱ्यांदा दाबले. मी “नाना!” म्हणून ओरडले तेव्हा पुढच्या ट्रकचे लाल दिवे अगदी जवळ आले होते. नानांनी ब्रेक मारला. ट्रक आणि आम्ही यांत हातभर अंतर राहिले.

इगतपुरीला घाटनदेवीपाशी नानांनी गाडी थांबवली, नमस्कार केला आणि चहा घेतला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “हाताला डोळे असतात पोरी. पण त्या काचेवर हाताला काही दिसत नाही.”

त्या वाक्याने मला विचार करायला लावले. आपण म्हणतो “हात बसला”. पेटी वाजवणारा पट्ट्यांकडे पाहत नाही, आजी अंधारातही वातीला पीळ देते. हे हाताचे ज्ञान वस्तूच्या आकारावर उभे असते. नॉब गोल असतो, त्याला खाचा असतात, तो एकेका टप्प्यावर टक् असे बोलतो. बोट त्यावर ठेवून, नजर न हलवता, माणूस त्याला पाव फेरा देऊ शकतो. काच सगळीकडे सारखीच गुळगुळीत. तिच्यावर बोट टेकवण्यापूर्वी डोळ्याने जागा शोधावी लागते आणि टेकवल्यावर काम झाले की नाही हेही डोळ्यानेच पाहावे लागते. म्हणजे हाताचे काम डोळ्याच्या डोक्यावर पडते, आणि डोळा तर रस्त्याला आधीच बांधलेला!

हा शोध तसा आजचा नाही. अमेरिकेत ब्युइक कंपनीने रिव्हिएरा गाडीत बोटाने चालणारा पडदा बसवला तो १९८६ साली, म्हणजे नाना फियाट शिकले त्याच वर्षी. ग्राहकांना तो रुचला नाही आणि थोड्याच वर्षांत काढून टाकावा लागला. पुढे २००१ साली बीएमडब्ल्यूने आपल्या सातव्या मालिकेच्या सेदानमध्ये ‘आयड्राइव्ह’ आणले. पडदा वर, लांब, नजरेच्या जवळ आणि त्याला चालवणारा एकच गोल नॉब दोन आसनांच्या मध्ये. प्रथम त्याचीही पुष्कळ टिंगल झाली, कारण प्रत्येक गोष्ट यादीत शोधावी लागे. मग त्या नॉबभोवती थेट बटणे आली आणि लोकांना तो आवडू लागला. ऑडी आणि मर्सिडीजही त्याच वाटेने गेल्या. माझ्या मते ही तडजोड उत्तम होती. दाखवण्याचे काम पडद्याने करावे, ऐकण्याचे काम नॉबने.

परंतु २०१२ मध्ये टेस्लाची मॉडेल एस ही सेदान सतरा इंची उभा पडदा घेऊन आली आणि साऱ्यांना तिची भूल पडली. २०१७ साली ऑडीने आपल्या ए-८ मधला नॉब काढून एकाखाली एक असे दोन पडदे दिले. मर्सिडीजची ईक्यूएस ही विजेवरची सेदान २०२२ पासून आपल्या चाकणला जोडली जाऊ लागली. तिच्या समोरच्या फळीवर दारापासून दारापर्यंत तब्बल १४१ सेंटिमीटर काच! याउलट आपल्या नाशिकच्या महिंद्राच्या कारखान्यातून २००७ साली लोगान ही साधी सेदान बाहेर पडली. तिला हवेसाठी साधे गोल नॉब होते. किंमत कितीतरी पट कमी, पण घाटात काच धूसर झाली तर लोगानचा ड्रायव्हर अधिक सुखी, असे म्हणावे लागते.

कोणी म्हणेल, ही एका मुलीची भावना झाली. तर आकडे पाहू. २०२२ मध्ये ‘वी बिलॅगारे’ या स्वीडिश मासिकाने अकरा नव्या गाड्या आणि २००५ सालची एक जुनी, बटणांची व्होल्वो अशी परीक्षा घेतली. ताशी ११० किलोमीटर वेगात हवा, रेडिओ यांसारखी चार कामे करायची होती. जुन्या व्होल्वोत ती दहा सेकंदांत झाली. तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. सर्वांत मागे पडलेल्या नव्या गाडीला जवळजवळ ४५ सेकंद लागले आणि ती १३७२ मीटर गेली! अमेरिकेच्या रस्तासुरक्षा खात्याने २०१३ साली मोटार कंपन्यांना सुचवले होते की, असल्या कामासाठी रस्त्यावरून नजर एका वेळी दोन सेकंदांहून अधिक हटू नये. आपल्या समृद्धी महामार्गावर ताशी १२० च्या वेगाने दोन सेकंदांत गाडी सुमारे ६६ मीटर जाते. तेवढे मीटर आपण डोळे मिटून जातो, असाच त्याचा अर्थ.

समुद्रावरही हाच धडा मिळाला. २०१७ च्या ऑगस्टमध्ये सिंगापूरजवळ ‘जॉन मॅकेन’ ही अमेरिकन युद्धनौका एका तेलवाहू जहाजावर आदळून दहा खलाशी मेले. सुकाणू आणि वेग सांभाळणाऱ्या पडद्यांवरचा गोंधळ हे त्यामागचे एक कारण ठरले. त्यानंतर त्या नौदलाने हाताने सरकवायचे दांडे परत बसवण्याचे ठरवले.

मग कंपन्या काच का लावतात? एक तर ती दिसायला श्रीमंत वाटते. दुसरे, प्रत्येक बटणाला साचा, तार आणि जोडणी लागते, पडद्यात मात्र शंभर बटणे नुसती चित्रे म्हणून बसतात आणि गाडी विकल्यानंतरही बदलता येतात. माझा पडद्याला सरसकट विरोध नाही. गाडी मागे घेताना कॅमेऱ्याचे चित्र हवेच, अनोळखी गावात नकाशा हवाच. तोंडी हुकुमाने सगळे होते, असेही सांगतात. पण नानांचे इंग्रजी त्या गाडीला कळत नाही आणि मराठी तिला येत नाही. माझा धाकटा भाऊ पडदा भराभर चालवतो खरा, पण तो चालवताना मी त्याच्या डोळ्यांकडे पाहिले आहे. ते पडद्यावरच असतात.

येथे मला एक विसंगती दिसते. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात हातातला मोबाईल वापरत गाडी चालवणे हा धोकादायक वाहन चालवण्याचा प्रकार ठरला, आणि ते योग्यच झाले. पण तोच मोबाईल दहापट मोठा करून फळीवर चिकटवला की ती चैन ठरते!

सुदैवाने वारे फिरू लागले आहे. माझ्दा कंपनी २०१९ मध्येच नॉबकडे वळली. फोक्सवागेनने २०२५ मध्ये आवाज आणि हवेची बटणे परत आणण्याचे जाहीर केले. युरोपातील ‘युरो एनकॅप’ ही गाड्यांची परीक्षा घेणारी संस्था २०२६ पासून दिशादर्शक दिवे, वायपर, भोंगा, धोक्याचे दिवे आणि मदतीची हाक यांसाठी वेगळी, हाताला लागणारी कळ असण्याला गुण देते. आपल्याकडे २०२३ पासून ‘भारत एनकॅप’ आहे. तिने या यादीत काच धूसर झाल्यावर लागणारी कळही घालावी, कारण आपल्याकडे सह्याद्री आहे आणि सह्याद्रीत पावसाळा आहे. आणि पडद्यावर मराठी अक्षरेही असावीत. महाराष्ट्रातल्या महागड्या गाड्या विकत घेणारे इंग्रजी जाणत असतील, पण त्या चालवणारे बहुतेक वेळा नानांसारखेच असतात. गाडी मालकाची असली तरी घाटात तिच्यातल्या सगळ्यांचे प्राण ड्रायव्हरच्या हातात असतात, मालकाचेसुद्धा.

नाना आता निघण्यापूर्वी पाच मिनिटे गाडीत नुसते बसतात. हवा, काच, नकाशा सगळे आधी लावून घेतात आणि मग चावी खिशात टाकून निघतात. ती चावीही आता लावायची नसते, नुसती जवळ असावी लागते. त्या घाटातल्या दिवसापासून एक स्वच्छ कोरडे फडके मात्र ते नेहमी डाव्या हाताशी ठेवतात. न पाहता सापडेल अशा जागी.