गोळी कुलपात, बाई वाऱ्यावर

गर्भपाताच्या गोळ्या घातक असतात, हे आपल्याकडे कोणीही छातीठोकपणे सांगेल. मेडिकलवाला सांगतो, सासू सांगते, आणि त्या कशा घ्यायच्या हे ज्याने समजावून द्यायचे तो डॉक्टरही आधी आवाज चढवून तेच सांगतो. एरवी कशावरच एकमत न होणाऱ्या समाजाचे या एका बाबतीत झालेले एकमत मला संशयास्पद वाटते. अंगात रक्त नसलेल्या सुनेवर मुलाच्या आशेने चौथे बाळंतपण लादताना हाच समाज तिच्या जिवाची चौकशी करीत नाही.

आधी औषधाबद्दल. औषधे दोन. मिफेप्रिस्टोन गर्भ टिकवून धरणाऱ्या प्रोजेस्टेरॉनचे काम थांबवते. एक-दोन दिवसांनी घ्यायच्या मिसोप्रोस्टॉलने गर्भाशय आकुंचन पावून रिकामे होते. मिफेप्रिस्टोनला फ्रान्सने १९८८ साली परवानगी दिली, भारताने २००२ साली. जागतिक आरोग्य संघटनेने २००५मध्ये ही जोडी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली आणि २०१९मध्ये तिच्यापुढची कडक वैद्यकीय देखरेखीची टीपही काढून टाकली. पहिल्या नऊ आठवड्यांत नीट घेतल्यास शंभरातल्या पंचाण्णवहून अधिक बायकांचे काम गोळ्यांवरच भागते. उरलेल्यांतल्या बहुतेकींची पिशवी साफ करावी लागते. गंभीर गुंतागुंत क्वचित होते, पण होते. गर्भ नळीत राहिला असेल तर या गोळ्यांचा उपयोग नाही, आणि नळी फुटली तर जीव जाऊ शकतो. रक्त फार कमी असेल किंवा दिवसांचा हिशेब चुकला असेल तरी धोका वाढतो. यातले बहुतेक धोके चार प्रश्न आणि एक तपासणी यांनी वेळीच ओळखता येतात. त्यासाठी बाई डॉक्टरपर्यंत पोहोचावी लागते. ती पोहोचत नाही, आणि ते तिच्या हट्टामुळे नव्हे.

२०१५ साली देशात सुमारे १ कोटी ५६ लाख गर्भपात झाले, असा अंदाज ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मधल्या अभ्यासाने मांडला. त्यांतले जवळजवळ तीन चतुर्थांश दवाखान्याबाहेर, गोळ्या घेऊन झाले. कायदा १९७१पासून आहे. तो आणण्याआधी सरकारने नेमलेल्या समितीचे अध्यक्ष महाराष्ट्राचेच आरोग्यमंत्री शांतिलाल शहा होते. वैदूंच्या आणि सुइणींच्या हातून मरणाऱ्या बायका वाचाव्यात, हा त्यामागचा एक मोठा हेतू होता. अर्धशतक उलटल्यावरही कोट्यवधी बायका नवऱ्याला किंवा मित्राला मेडिकलात पाठवून, पुडक्यावरचे इंग्रजी न वाचता गोळ्या गिळतात, आणि त्यांतल्या एखादीला भलताच रक्तस्राव झाला की आपण म्हणतो, बघा, सांगितले होते ना!

महाराष्ट्राने तर याहून मोठा पराक्रम केला. २०१२ साली परळीतले स्त्रीभ्रूणहत्येचे प्रकरण उघडकीस आले. संताप रास्तच होता. पण तो वळला कुठे? अन्न व औषध प्रशासनाने मेडिकल दुकानांवर कारवाया सुरू केल्या आणि ससेमिरा नको म्हणून दुकानदारांनी ही किटे ठेवणेच सोडून दिले. चिठ्ठीशिवाय विक्री हा गुन्हाच आहे, तो जरूर पकडावा. मात्र सोनोग्राफीत मुलगा की मुलगी हे कळू लागते तिसरा महिना भरत येताना, आणि या गोळ्यांची मुदत संपते नवव्या आठवड्याला. म्हणजे लिंग पाहून गर्भ पाडणाऱ्याला हे किट नियमाप्रमाणे उपयोगाचे नाही. जिला सहाव्या-सातव्या आठवड्यात, मुलगा-मुलगी कशाचाही पत्ता नसताना, मूल नको आहे तिलाच नेमके ते लागते. मुली मारल्या यंत्रवाल्या डॉक्टरांनी आणि वंशाच्या दिव्यासाठी रांगा लावणाऱ्या घरांनी. शिक्षा कोणाला झाली ते पाहा. डॉक्टरची चिठ्ठी हातात असूनही तिला दहा दुकाने हिंडावी लागतात, तोवर आठवडे सरतात, आणि गोळीने भागले असते तिथे पिशवी साफ करावी लागते.

अमेरिकेत या गोळ्यांच्या सुरक्षिततेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. फिर्यादी डॉक्टरांना दाव्याचा अधिकारच नाही, असे सांगून २०२४मध्ये तो निकालात काढण्यात आला. तिथे निदान भांडण चव्हाट्यावर होते. आपल्याकडे वाद घालायलाही कोणी तयार नसतो, कारण त्यासाठी आपल्या घरातही हे घडते असे कबूल करावे लागेल.

१८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. वाट चुकलेल्या म्हणून हिणवल्या गेलेल्या विधवांना तिथे गुपचूप, निर्धास्त बाळंत होता येत होते. गुप्ततेची किंमत त्या दोघांना कळली होती. आजच्या कायद्यातही बाईचे नाव फोडणाऱ्याला तुरुंग आहे. तरी दवाखान्याच्या काउंटरवरून भर गर्दीत तिला कशासाठी आलात हे विचारले जाते. सज्ञान बाईच्या एकटीच्या संमतीवर गर्भपात करता येतो, नवऱ्याची सही कायदा मागत नाही. डॉक्टर मागतात. विचारले तर म्हणतात, पुढे भानगड नको.

आणि नवरा? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत विवाहित स्त्रियांपैकी शंभरात जवळजवळ अडतीस जणींची नसबंदी झालेली होती. पुरुष नसबंदीवर विसंबणारी जोडपी हजारात तीन. निरोध वापरायचा कंटाळा त्याचा, पाळी चुकल्यावरची धाकधूक तिची, आणि नंतर गोळीचे दुष्परिणाम यावर व्याख्यान द्यायला पुन्हा तोच पुढे.

तिला सांगण्यासारखे फार नाही. पहिली गोळी कधी, दुसऱ्या कधी. पोटात मुरडा येईल, रक्त पाळीपेक्षा जास्त जाईल. लागोपाठ दोन तास दर तासाला दोन-दोन पॅड भिजले, ताप उतरेना किंवा चक्कर आली तर रात्री-अपरात्रीही या. दोन आठवड्यांनी दाखवून जा. पाच मिनिटांचे काम आहे. अविवाहितेलाही हा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२२मध्ये निःसंदिग्धपणे सांगितले. तरी ती खुर्चीत बसते न बसते तोच पहिला प्रश्न येतो, लग्न झालंय का? झाले असेल तर दुसरा तयार असतो: मुलगा आहे ना एक?