सोय करा, सुटका करून घेऊ नका

सुगी आटोपली की गावात दोन विषय हमखास निघतात. एक सोयरिकीचा आणि दुसरा वाटणीचा. वाटणीला बसलं की बांध ठरतो, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरतात, घराच्या खोल्या आणि जनावरं वाटली जातात. सगळं झाल्यावर शेवटी प्रश्न उरतो तो म्हातारा-म्हातारीचा. मग महिना मोठ्याकडं, महिना धाकट्याकडं अशी त्यांचीही पाळी लागते. एकतीस दिवसांचा महिना कुणाच्या वाट्याला यायचा, यावरून भावाभावांत वाजल्याचं आपण ऐकलेलं आहे. अशाच एखाद्या भांडणात कुणीतरी ‘वृद्धाश्रम’ हा शब्द काढतो आणि बैठक गप्प होते.

हा शब्द काढणं म्हणजे पापच, असं आम्ही मानत नाही. पोरं चाकणला नाहीतर मुंबईला कंपनीत. दहा बाय दहाच्या खोलीत चार माणसं. ऊसतोडीच्या टोळ्या दसरा-दिवाळीला कारखान्याकडं निघाल्या, की पाच-सहा महिने गावात मागं राहतात ती म्हातारी माणसं आणि कुत्री. पोरांच्या शाळेसाठी हंगामी वसतिगृहांची योजना तरी निघाली, म्हाताऱ्यांची सोय मात्र शेजाऱ्यांच्या भरवशावर. कुणी निपुत्रिक असतं, कुणाच्या लेकी लांब दिलेल्या असतात, कुणी अंथरुणाला खिळलेलं असतं. २०११ च्या जनगणनेत राज्यातला दर दहावा माणूस साठीच्या पुढचा होता. अशा वेळी बंद वाड्यात एकट्याने कुढत राहण्यापेक्षा चार समवयस्कांत दोन वेळचं गरम जेवण मिळत असेल, तर त्यात वाईट काय?

वाईट आहे ती नेण्याची रीत. “दवाखान्यात दाखवून आणतो” म्हणून गाडीत बसवायचं आणि भलत्याच फाटकात उतरवायचं. “चार दिवसांनी न्यायला येतो” असं सांगायचं आणि वर्ष काढायचं. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली की मात्र मतदानाला गाडी पाठवून आणायचं. याला सोय म्हणत नाहीत, सुटका करून घेणं म्हणतात. ज्याचा जन्म या मातीत गेला त्याला न विचारता हलवलं, तर तो जेवण टाकतो, रात्र-रात्र जागतो, फाटकाकडं तोंड करून बसतो. ज्याला विसर पडायला लागला आहे त्याचं तर विचारूच नका. नव्या जागी संडासाची वाट सापडत नाही म्हणून तो भेदरतो, आणि लोक म्हणतात, म्हातारा बिघडला.

शेतकऱ्याला हे वेगळं शिकवायला नको. मिरचीचं रोप लावताना आपण काय करतो? वाफ्याला आधी पाणी देतो. मुळाला माती राहील असं उपटतो. ऊन उतरल्यावर लावतो. आणि लावून मोकळे होत नाही, तीन-चार दिवसांत आंबवणीचं पाणी देतो. कोवळ्या रोपाला एवढं जपायचं आणि ऐंशी वर्षांच्या झाडाला भर उन्हात उपटून फेकायचं, हे कोणत्या शेतीत बसतं?

तेव्हा पहिली गोष्ट विचारण्याची. अडचण लपवू नका. “आबा, आमचं असं असं आहे, तुमचं काय म्हणणं?” एवढं तरी तोंडावर बोला. लेकींनाही बोलवा, कारण पुष्कळदा म्हातारीचं खरं मन लेकीलाच ठाऊक असतं. हे बोलणं माणूस हिंडता-फिरता असतानाच झालेलं बरं. पाय मोडल्यावर, अर्धांग झाल्यावर घाईत शोधाशोध केली की मिळेल तिथं टाकावं लागतं. शिवाय बऱ्याच संस्था माणूस स्वतःचं स्वतः करू शकत असेल तरच घेतात.

दुसरी गोष्ट जागा पाहण्याची. सोयरिकीच्या वेळी आपण घर पाहायला जातो, तसं इथंही जावं, आणि ज्याला राहायचं आहे त्याला घेऊन जावं. संस्था धर्मादाय आयुक्तांकडं नोंदलेली आहे का? पैशाची पावती देतात का? अनामत परत मिळते का? रात्री दुखलं-खुपलं तर डॉक्टर कोण? बायकांची देखभाल बायकाच करतात का? अंथरुणाला खिळल्यावर ठेवतील की घेऊन जा म्हणतील? भाकरी मिळते का? दात नसलेल्याला ती दुधात कुस्करून देणारं कुणी आहे का? हे आधी विचारलं तर पुढची कटकट टळते. जमलं तर पहिल्यांदा आठ-पंधरा दिवसच ठेवून पाहावं आणि परत आणावं. परत येता येतं हे एकदा कळलं, की निम्मी धास्ती जाते.

तिसरी गोष्ट सोबत द्यायच्या सामानाची. नवी कोरी बॅग देऊन भागत नाही. त्याचं घोंगडं, त्याचा तांब्या, काठी, चष्मा, तिच्या देवघरातली एखादी तसबीर, माळ, नातवंडांचा फोटो बरोबर द्या. गोळ्या कोणत्या आणि कधी, हे कागदावर लिहून द्या. पहाटे उठायची, एकादशीची, दुपारच्या चहाची सवय तिथल्या माणसांना सांगा. पहाटे चारला उठणाऱ्या गड्याला तिथं बसून दिवस जात नाही. त्याला वाफे, झाडं, गोठा असं काही काम मिळेल का, हेही बघा.

आणि आंबवणी विसरू नका. पहिला महिना फार नाजूक असतो. आठवड्याला एक फेरी आणि मधून फोन एवढं ठरवूनच टाका. ज्या दिवशी येतो म्हणालात त्या दिवशी जा. पोळ्याला, दिवाळीला, भावकीतल्या लग्नाला त्यांना घरी आणा. गावातली त्यांची जागा मोडली नाही हे त्यांना दिसलं पाहिजे.

आता सगळ्यात अवघड बाब. अनुभव असा, की पुष्कळ ठिकाणी आधी सही होते आणि मग वृद्धाश्रम आठवतो. बक्षीसपत्र किंवा वाटणीपत्र करून सातबाऱ्यावर पोरांची नावं चढली, की बापाची किंमत उतरते. म्हणून आमचं वडीलधाऱ्यांना सांगणं आहे, की हयातीत जमीन नावावर करण्याची घाई करू नका. मृत्युपत्र करता येतं, आणि ते जिवंतपणी केव्हाही बदलता येतं. बक्षीसपत्र करायचंच असेल तर ‘हा आमचा सांभाळ करील’ ही अट त्यात लिहूनच घ्या. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ व कल्याणाच्या २००७ च्या कायद्याचं कलम २३ सांगतं, की अशा अटीवर मालमत्ता घेऊन सांभाळ नाकारला, तर ते हस्तांतरण न्यायाधिकरण रद्द ठरवू शकतं. अट सिद्ध झाली पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये म्हटलं आहे. तेव्हा तोंडी वचनावर विसंबू नये.

हे न्यायाधिकरण म्हणजे काही लांबचं कोर्ट नव्हे. आपल्या उपविभागीय अधिकाऱ्यांकडं, म्हणजे प्रांताकडं अर्ज करायचा. नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत, फार तर आणखी ३० दिवसांत निकाल लागावा, असं कायदा म्हणतो. दरमहा १० हजार रुपयांपर्यंत निर्वाहभत्ता मिळू शकतो. निपुत्रिकाची मालमत्ता ज्या भाऊबंदाला मिळणार, त्याच्यावरही सांभाळाची जबाबदारी आहे. आणि म्हाताऱ्याला कुठंतरी नेऊन कायमचं सोडून देणं हा गुन्हा आहे. त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा आहेत.

सरकारकडंही बोट दाखवलंच पाहिजे. १९९५ च्या सुमारास ‘मातोश्री वृद्धाश्रम’ योजना निघाली. २००७ च्या कायद्यात निराधार ज्येष्ठांसाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० जणांचा एक तरी आश्रम असावा, अशी कल्पना आहे. पण ‘करील’ऐवजी ‘करू शकेल’ अशी शब्दयोजना असल्यामुळं अंमलबजावणी सरकारच्या मर्जीवर राहिली. गरिबाच्या म्हाताऱ्याने जायचं कुठं, हा प्रश्न जिल्हा परिषदेच्या सभेत आणि जिल्हा नियोजन समितीत विचारला गेला पाहिजे.

गावपातळीवरच्या अधिकाऱ्यांना तर बरंच करता येण्यासारखं आहे. गावातलं कोण कोणत्या आश्रमात आहे, याची एक साधी वही ग्रामपंचायतीत असावी. तीत आश्रमाचा आणि जवळच्या नातेवाइकाचा फोन असावा, म्हणजे बरंवाईट झालं तर निरोपाविना माणूस परस्पर जाळला जायचा नाही. श्रावणबाळ, संजय गांधी योजनेचं अनुदान घेणाऱ्याला दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. आश्रमात गेलेल्या माणसाचा दाखला राहिला म्हणून अनुदान बंद पडू नये, एवढं तलाठी आणि ग्रामसेवकांनी बघावं. पासबुक आणि आधार कार्ड त्या माणसाच्याच हाती असावं, पोराच्या खिशात नव्हे. वयोवृद्ध खातेदाराच्या जमिनीची नोंद आली, तर मंजुरीआधी त्याच्याशी दोन शब्द बोलायला मंडल अधिकाऱ्याला कोणत्याही कायद्याने मनाई केलेली नाही. अडलेल्या वडीलधाऱ्यांसाठी १४५६७ हा मोफत मदत क्रमांक आहे. तो चावडीच्या भिंतीवर ठळक रंगवावा.

येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या. विहीर, रस्ता, घरकुल हे विषय असतातच, त्यांच्या जोडीला हाही राहू द्या. पाळी आज त्यांची आहे. आपलं नाव त्या यादीत यायला फार वर्षं लागत नाहीत, आणि आपण त्यांना कसं नेलं, हे दारात उभी असलेली नातवंडं बघत असतात.