ताबा सुटला, म्हणजे नेमकं काय सुटलं?

तिलारी घाटात गाडी कलंडली की बातमीचं पहिलं वाक्य मला पाठ आहे. 'चालकाचा वाहनावरील ताबा सुटल्याने...' वीसेक वर्षांत हे किती वेळा लिहिलं असेल, मोजदाद नाही. चालक बिचारा दवाखान्यात, गाडी दरीत, आणि आम्ही दुसऱ्या बातमीकडे. ताबा कशामुळे सुटला हे मी एकदाही गाडीखाली वाकून बघितलं नाही. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर तोच ताबा माझ्या हातून सुटता सुटता राहिला, म्हणून हे लिहितोय.

आमच्या घरची जीप 1970 च्या दशकातली महिंद्रा. 1947 पासून मुंबईत विलिजच्या जीपा जोडायला लागले, त्याच घराण्यातली. शहरात अशा गाडीला 'व्हिंटेज' म्हणतात, पॉलिश मारून लग्नात नवरा बसवतात. आपल्या तालुक्यात ती काजूची पोती आणते, केळीचे घड आणते, आणि रात्री कोणाच्या पोटात दुखायला लागलं तर बांबोळीला नेते. तिचं स्टेअरिंग ढिलं होतं, पण त्याचं कोणाला काही वाटत नव्हतं. "जीप म्हटली की स्टेरिंग ढिला असताच, काय होवचा नाय." हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय, आणि खरं सांगायचं तर मीच दुसऱ्यांना ऐकवतही आलोय.

एकदा अगदीच अति झालं म्हणून एका गॅरेजात नेली. पोराने स्टेअरिंग बॉक्सवरचा स्क्रू आवळला. दहा मिनिटांचं काम, दीडशे रुपये. स्टेअरिंग हाताला कसं घट्ट! मी खूश. पुढच्याच आठवड्यात चंदगडकडून घाट उतरताना एका आवळ वळणावर स्टेअरिंग वळलं ते वळलं, परत येईना. दोन्ही हातांनी लोंबकळून ओढलं तेव्हा सरळ झालं. समोरून एक दुचाकी येत होती. तो पोरगा मला शिव्या घालून गेला. त्याचं बरोबरच होतं.

मग एका म्हाताऱ्या मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी बॉक्सला हातच लावला नाही. मला वर बसवलं, इंजिन बंद, चाकं जमिनीवर. "हळूहळू डावीकडे-उजवीकडे हलवा पत्रकारांनू," म्हणाले, आणि स्वतः खाली आडवे झाले. एकेका सांध्यावर हात ठेवून बघत होते. एक बाजू हलते आणि दुसरी उशिरा हलते, तिथे झीज. ड्रॅग लिंकचं टोक झिजलेलं. मधल्या बेल क्रँकचा बुश तर अंडाकृती झालेला. टाय रॉडच्या दोन टोकांच्या रबरी टोप्या फाटलेल्या, आत ग्रीसऐवजी लाल चिखल. मग जॅक लावून चाक वर-खाली हलवलं, खडखड वाजलं. ब्रेक दाबायला सांगितला, तरी वाजलं. ब्रेक दाबल्यावर आवाज थांबला असता तर चाकाचं बेअरिंग. थांबला नाही, म्हणजे किंगपिन.

जीपमध्ये स्टेअरिंगपासून चाकापर्यंत इतके सांधे आहेत की प्रत्येकात केसाएवढी झीज धरली तरी स्टेअरिंगवर चार बोटं खेळ येतो.

आणि तो स्क्रू? बॉक्समधला आट्यांचा दांडा, ज्याला वर्म म्हणतात, तो मधोमध सगळ्यात जास्त झिजतो, कारण गाडी जास्त वेळ सरळच चालते. दोन्ही टोकांचे आटे नव्यासारखे राहतात. मधली झीज भरून काढायला स्क्रू आवळला की सरळ रस्त्यावर बरं वाटतं, आणि वळणावर न झिजलेल्या आट्यांत तो अडकतो. म्हणजे दीडशे रुपयांत मी नेमका घाटासाठी घात विकत घेतला होता. मेस्त्रींनी आधी सांधे बदलले, बेळगावहून बुश कातून आणला, किंगपिनचे शिम कमी केले, आणि बॉक्स सगळ्यात शेवटी, तोही थोडासा. सगळं मिळून सात हजारांच्या आत.

आता सरकारी बाजू. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989, नियम 98: स्टेअरिंगचा खेळ 30 अंशांपेक्षा जास्त नको, आणि सांध्यांवर रबरी टोप्या हव्यात. नियम उत्तमच आहे. पण या गाड्या तपासायला येणार कशा? 20 वर्षांवरच्या चारचाकीच्या नोंदणी नूतनीकरणाचं शुल्क ऑगस्ट 2025 मध्ये 10 हजार केलं. 2022 च्या आधी ते 600 होतं. 50 वर्षांवरच्या गाडीला 'व्हिंटेज' नोंदणी मिळते, पण तिचे 20 हजार, आणि त्या गाडीने रोजचं काम करायचं नाही. काजूवाल्याने काय करायचं?

जुन्या गाड्या धूर ओकतात, जाऊ देत, असं कोणी म्हणेल. मलाही ते पूर्ण चूक वाटत नाही. पण शुल्काला ढिली जीप आणि नीट राखलेली जीप यातला फरक कळत नाही. 10 हजार भरणाऱ्याकडे सांध्यांचे सात हजार उरत नाहीत. आणि जो भरत नाही, त्याची गाडी तपासणीच्या बाहेरच जाते, रस्त्यावरून मात्र जात नाही. आतल्या वाटांवर ती चालूच राहते, फाटक्या टोप्यांसकट.

माझं मागणं छोटं आहे. ओरोसहून पावसाळ्याआधी एक दिवस दोडामार्गात या, पावती न फाडता नुसतं स्टेअरिंग आणि ब्रेक बघा, आणि काय बदलायचं ते कागदावर लिहून द्या. इथल्या दोन-तीन जाणत्या मेस्त्रींना सोबत घ्या. हे लोक गेले की बेल क्रँक म्हणजे काय हे सांगणाराही राहणार नाही. आणि आम्ही पत्रकारांनी ते पाठ वाक्य लिहिण्याआधी एकदा विचारावं, गाडीचे सांधे कोणी बघितले का?

तोवर ज्यांच्याकडे जुनी जीप आहे त्यांनी उद्या सकाळी सपाट जागी उभी करा, चाकं सरळ, इंजिन बंद. स्टेअरिंगवर वरती, घड्याळाच्या बारावर, चिकटपट्टी लावा. उजवीकडे-डावीकडे थोडं हलवून खेळाच्या एका टोकाला आणा. तिथून दुसऱ्या बाजूला पुढचा टायर हलायला लागेपर्यंत फिरवा. बारा ते एक म्हणजे 30 अंश. आमच्या जीपचे पावणेतीन वाजत होते. तुमच्या जीपचे किती वाजतात, खाली लिहा.